पोर्श ९४४ च्या पेट्रोल लाइन बदलताय? आधी एवढं बघा

जुनी पोर्श ९४४ घेतलीत, अभिनंदन! आणि पहिलं काम पेट्रोलच्या लाइनचं काढलंत, हे फारच छान. या गाड्या १९८२ ते १९९१ मधल्या. लाइनचं रबर मूळचंच असेल तर ते कडक होऊन तडकतं, आणि पेट्रोल थेट गरम इंजिनवर गळतं. ९४४ ला आग लागण्याचं हे नेहमीचं कारण. म्हणून नुसता वास आला तरी गाडी चालवू नका.

सुरुवातीला एवढंच सांभाळा:

- इंजिन बंद केलं तरी लाइनमध्ये दाब राहतो. चालू इंजिनवर पंपाचा फ्यूज काढा, ते आपोआप बंद पडू द्या. मग बॅटरीचं निगेटिव्ह काढा. काम थंड इंजिनवर, उघड्या जागेत. पावडरचं अग्निशामक हाताशी.
- जोड सोडताना दोन पाने (स्पॅनर) लागतात. एकाने फिटिंग धरायचं, दुसऱ्याने नट फिरवायचा. नवखे इथेच चुकतात: एकच पाना लावून जोर करतात आणि धातूची नळीच पिळवटते.
- कार्ब्युरेटरचा साधा पाइप इथे चालत नाही. नव्या पाइपवर जे३०आर९ (J30R9, म्हणजे इंजेक्शनच्या जास्त दाबाला चालणारा पाइप) छापलेलं बघा. इंजिनवरच्या, कारखान्यात दाबून बसवलेल्या लाइन मात्र तयार सेटच घ्या. पाइप कापून क्लिपा आवळू नका.

फक्त तडकलेला तुकडा बदलू नका, बाकीचंही रबर तेवढंच जुनं आहे.

सगळं जोडल्यावर लगेच स्टार्ट मारू नका. आधी नुसता पंप चालवून दाब भरा, टॉर्च घेऊन प्रत्येक जोड बघा, कोरडा टिशू फिरवा. इंजेक्टर, रेग्युलेटर वगैरे नंतर पाहू. अडलं तर फोटो टाका.