जिनिव्हात दाद कोण मागू शकतं?

प्रश्न : आयात करणाऱ्या देशाने एमआरएल (मालात चालणाऱ्या कीटकनाशक अंशाची कमाल मर्यादा) अचानक घटवला की आमच्या द्राक्षांचे कंटेनर बंदरात अडकतात. जिनिव्हातल्या जागतिक व्यापार संघटनेकडे निर्यातदाराला थेट तक्रार करता येते का? मोठ्या देशाविरुद्ध निकाल लागला तर तो पाळला जातो का?
– द्राक्ष निर्यातदार, नाशिक जिल्हा

उत्तर : थेट नाही. तक्रार फक्त सदस्य सरकारच करू शकतं. त्यामुळे अपेडा (शेतमाल निर्यातीसाठीची केंद्र सरकारची संस्था) किंवा निर्यातदार संघामार्फत वाणिज्य मंत्रालयाकडे जा. ग्रेपनेटची (निर्यातीच्या द्राक्षबागांची ऑनलाइन नोंदणी) नोंद, प्रयोगशाळेचा अहवाल, माल नाकारल्याचं पत्र आणि तोट्याचा हिशेब सोबत हवा. नुसत्या गाऱ्हाण्यावर खटला उभा राहत नाही.

सुरुवात दोन सरकारांच्या सल्लामसलतीने होते. एरवी त्यासाठी ६० दिवस, नाशवंत मालाला २०. मग निवाडा करणारं तिघांचं पॅनेल बसतं. नियमात सहा ते नऊ महिने, प्रत्यक्षात बहुधा वर्षाहून अधिक. जिंकलात तरी वाया गेलेल्या हंगामाची भरपाई नाही, नियम फक्त पुढच्यासाठी बदलतो. म्हणून हरकत घेण्याची खरी वेळ नव्या नियमाच्या मसुद्याची. असे बदल सहसा आधी जिनिव्हाला कळवले जातात आणि हरकतींसाठी साधारण ६० दिवस मिळतात. ‘ई-पिंग’ या मोफत सेवेवर देश आणि माल निवडून ठेवा, सूचना ईमेलने येतात.

निकाल पाळण्याचं दुखणं जुनं आहे. अँटिग्वा हा कॅरिबियन बेटावरचा छोटा देश ऑनलाइन जुगाराच्या वादात २००५ साली अमेरिकेविरुद्ध जिंकला. २००७ साली लवादाने वर्षाला २.१ कोटी डॉलरपर्यंत अमेरिकेचे बौद्धिक संपदा हक्क (कॉपीराइट, पेटंट वगैरे) स्थगित करण्याची मुभा ठरवली. भरपाईचा पैसा मात्र आला नाही. प्रत्युत्तर म्हणून अमेरिकी मालावर कर लादला असता तर महागाई बेटावरच झाली असती. विकसनशील देशांना स्वस्तात वकील देणारं कायदा सल्ला केंद्र २००१ पासून जिनिव्हात आहे, पण वकील मिळाल्याने वसुलीचं बळ येत नाही. ही विषमता नियमांतच आहे.

त्यात अमेरिकेने नेमणुका रोखल्यामुळे डिसेंबर २०१९ पासून संघटनेचं अपील मंडळ ठप्प आहे. हरलेला देश अपील करतो आणि निकाल लटकतो. साखरेच्या वादात भारतानेही तेच केलं : डिसेंबर २०२१ मध्ये पॅनेलने आपला ऊसदराचा आधार उत्पादनमूल्याच्या १० टक्क्यांच्या मर्यादेबाहेर ठरवला, त्यानंतर आपण अपील केलं. एफआरपीवरचं (कारखान्यांनी उसाला द्यायच्या किमान दरावरचं) संकट टळलं, हे ऊस उत्पादकाच्या भल्याचं. पण द्राक्षांचा खटला आपण जिंकलो तर समोरचाही हीच वाट धरेल. युरोपीय संघ, चीन, ब्राझील, जपान यांनी आपसांत हंगामी अपील लवाद मान्य केला आहे. भारत त्यात नाही. तो असावा, ही मागणी निर्यातदार संघांनी आता लावून धरली पाहिजे.