कराओकेसाठी २००० नंतरची जपानी गाणी : कुठून सुरुवात करावी?

तू विचारलंयस की ओसाकाच्या ऑफिसात सगळे चाळिशीच्या आसपासचे, कराओकेला गेलं की आपल्या शाळा-कॉलेजच्या वेळची गाणी म्हणतात आणि मधेच कोणाचे तरी डोळे भरून येतात, तुला मात्र ॲनिमेची चार-पाच गाणी सोडली तर काहीच ओळखीचं वाटत नाही, तर सुरुवात कुठून करू. मी २००२ च्या शेवटी जपानमध्ये कावासाकीला गेलो आणि सात वर्षं तिकडेच होतो, ही गाणी तेव्हा दुकानात नवी कोरी होती, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझं ऐकशील तर गायकांची यादी करत बसू नकोस, महिना बघून ऐक. तिकडे शाळेचं वर्ष मार्चमध्ये संपतं, एप्रिलमध्ये नवीन सुरू होतं, कंपनीतल्या बदल्याही बहुतेक तेव्हाच, आणि नेमका त्याच दिवसांत साकुरा, म्हणजे चेरीचा बहर, फुलतो. त्यामुळे आपल्याला जिथे वसंत, प्रेम वगैरे वाटतं तिथे त्यांना निरोप ऐकू येतो. आपल्याकडे जूनचा पहिला पाऊस आला की नव्या वह्या-पुस्तकांचा वास आठवतो ना, तसंच काहीसं.

५ मार्च २००३ ला दोन सीडी एकाच दिवशी आल्या. एक स्माप या ग्रुपचं 'सेकाई नी हितोत्सु दाके नो हाना', माकिहारा नोरियुकीने लिहिलेलं, ते तर शाळेतल्या पोरांपासून आजी-आजोबांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी होतं. दुसरं मोरियामा नाओतारोचं 'साकुरा (दोकुश्यो)'. दोकुश्यो म्हणजे एकट्याने गाणं, आणि खरंच त्यात फक्त पियानो आणि त्याचा आवाज आहे, बाकी काही नाही. ते आलं तेव्हा फार कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं, पण हळूहळू चढत एक नंबरला गेलं.

आमच्या बुचोंची, म्हणजे विभागप्रमुखांची, सेंदाईला बदली झाली तेव्हा सोबेत्सुकाईनंतर, म्हणजे निरोपाच्या पार्टीनंतर, सगळे कराओकेला गेलो. तेव्हा टेलिफोन डिरेक्टरीएवढं जाड पुस्तक असायचं, त्यात गाण्याचा नंबर शोधून रिमोटवर दाबायचा. बुचोंनी हेच गाणं लावलं. मध्यावर थांबले ते थांबलेच, पियानो एकटाच वाजत राहिला आणि स्क्रीनवरच्या अक्षरांचा रंग बदलत पुढे पुढे जात राहिला. कोणी माइक उचलला नाही की टाळी वाजवली नाही. मला तेव्हा जपानी जेमतेम येत होतं पण साकुराच्या गाण्यात एवढं काय असतं ते त्या दिवशी कळलं.

मार्चचंच अजून एक, रेमिओरोमेनचं 'सानगात्सु कोकोनोका', म्हणजे ९ मार्च. मूळ एका मित्राच्या लग्नासाठी केलेलं, पण तारखेमुळे आणि एका टीव्ही मालिकेतल्या वर्गाने ते गायल्यामुळे शाळेच्या निरोप समारंभाचं गाणं होऊन बसलं. त्याच मालिकेतलं त्यांचंच 'कोनायुकी' (२००५) थंडीतलं, वरचा सूर लागतो तिथे अख्खी खोली ओरडते, तेव्हा तूही ओरड. थंडीसाठीच नाकाशिमा मिकाचं 'युकी नो हाना' (२००३), हे मात्र शांतपणे म्हणायचं.

उतादा हिकारू आणि हामासाकी आयुमी या दोघी गायिकांबद्दल तुला कोणीही सांगेल. २८ मार्च २००१ ला दोघींचे अल्बम एकाच दिवशी आले आणि पहिल्या आठवड्यातच मिळून पन्नास लाखांच्या वर खपले. नवीन अल्बम तीन हजार येनच्या घरात, मला परवडायचा नाही, मग सीडी भाड्याने देणाऱ्या दुकानातून सीडी आणायची, रात्रीतून एमडीवर (मिनीडिस्क, छोटी रेकॉर्ड करता येणारी डिस्क) उतरवायची आणि छोटं चाक फिरवत काताकाना या जपानी लिपीतलं एक-एक अक्षर शोधून गाण्यांची नावं टाकायची. माझं काताकाना पक्कं झालं ते असंच.

पण मला एकच गाणं निवडायला सांगितलंस तर 'नादा सोऽसोऽ'. ओकिनावा या दक्षिणेकडच्या बेटांच्या बोलीत नादा म्हणजे अश्रू. चाल बिगिन या बँडची, शब्द मोरियामा र्योकोचे, नाओतारोची आई ती! तिचा मोठा भाऊ तरुणपणी गेला, त्याच्या आठवणीत तिने ते लिहिलं. आधी तिने स्वतः गायलं, मग बिगिनने, पण घराघरात गेलं ते २००१ मध्ये, इशिगाकी बेटावरच्या नात्सुकावा रिमीच्या आवाजात. आई भावासाठी लिहिते आणि पुढे मुलगा साकुरावर गातो, दोन्हीही निरोपच, हे कळल्यावर मी दोन्ही गाणी पुन्हा पाठोपाठ ऐकली होती आणि आजही तशीच ऐकतो.

एक जपून. सदर्न ऑल स्टार्सचं 'त्सुनामी' हे २००० सालचं प्रचंड गाजलेलं गाणं, आहे प्रेमाचंच, पण ११ मार्च २०११ च्या भूकंप आणि त्सुनामीनंतर त्या नावामुळे रेडिओवर जवळजवळ लागेनासं झालं. गाणं फार सुंदर आहे, घरी जरूर ऐक, पण ऑफिसच्या लोकांसमोर आपणहून लावू नकोस, कोणाचं गाव त्सुनामीचा तडाखा बसलेल्या तोहोकू भागातलं आहे ते आपल्याला माहीत नसतं.

तुझी एन-फोरची (जपानी भाषेच्या परीक्षेतली एक पातळी) तयारी चालू आहे तर पाठ करायला किरोरोचं 'मिराई ए' घे, १९९८ चं आहे पण शब्द सोपे, चाल संथ, आणि आईवरचं असल्यामुळे अर्थ चटकन लागतो. मग 'नादा सोऽसोऽ'. रिमीची पट्टी उंच आहे, रिमोटवर पट्टी (key) खाली करायचं बटण असतं, दोन घर खाली घे आणि पहिल्या ओळीला अजिबात घाई करू नकोस.