मोझॅक हा जगातला पहिला वेब ब्राउझर होता का?

नाही, पहिला ब्राउझर वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९० च्या अखेरीस जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत लिहिला. मोझॅक आला १९९३ मध्ये. त्या पहिल्या ब्राउझरचं नाव ‘वर्ल्डवाइडवेब’ होतं (पुढे खुद्द वेबशी गोंधळ नको म्हणून ‘नेक्सस’ केलं) आणि त्यात पान वाचता यायचं तसंच तिथल्या तिथे बदलताही यायचं. ही सोय पुढच्या लोकप्रिय ब्राउझरांनी गाळली, ते माझ्या मते नुकसानच. पहिला वेब सर्व्हरही (म्हणजे मागेल त्याला वेबपानं पुरवणारी यंत्रणा) बर्नर्स-ली यांच्याच ‘नेक्स्ट’ कंपनीच्या कंप्युटरवर चालायचा. कोणी चुकून बंद करू नये म्हणून त्यावर लाल शाईत ‘हा सर्व्हर आहे, बंद करू नका’ अशा अर्थाची इंग्रजी चिठ्ठी डकवलेली होती. सर्नने ते मशीन चिठ्ठीसकट जपून ठेवलंय. अडचण एवढीच, की हा ब्राउझर फक्त नेक्स्टवर चालायचा आणि ती महागडी मशीन फार थोड्यांकडे होती. म्हणून निकोला पेलो या विद्यार्थिनीने कुठल्याही टर्मिनलवर (कंप्युटरला जोडलेल्या साध्या पडदा-कीबोर्डवर) चालेल असा, निव्वळ मजकूर दाखवणारा ब्राउझर लिहिला. व्हायोला आणि अर्वाइज हे ब्राउझरही मोझॅकच्या आधीचेच.

मात्र ‘सामान्य माणसापर्यंत वेब कोणी पोचवलं?’ असं विचारायचं असेल, तर उत्तर मोझॅकच. मार्क अँड्रीसन आणि एरिक बिना यांचा हा ब्राउझर बसवायला सोपा होता, विंडोज आणि मॅकवरही आला, आणि चित्रं मजकुरासोबत त्याच पानात दाखवायचा.