पार्किन्सन्समधली उदासी: आधी घड्याळ बघा

"एवढा मोठा आजार म्हटल्यावर माणूस खचणारच ना?" पार्किन्सन्स, म्हणजे कंपवात झालेल्यांच्या घरून हा प्रश्न सतत कानावर येतो. त्यात माया असते, पण याच समजुतीपायी उदासीवरचे उपचार राहून जातात. या रुग्णांपैकी साधारण तिघांतल्या एकाला दखल घ्यावी इतकी उदासी असते. कित्येकांना तर ती हात थरथरायच्या आधीच गाठते, आजाराचं नावही माहीत नसताना.

एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांची गोष्ट सांगते. ओळखीचे तपशील बदलले आहेत. आजार चार वर्षांचा. काकूंची तक्रार होती, "हे बोलत नाहीत. चेहरा बघावा तर सतत रागावलेला. भाऊजी रोज फोनवर सांगतात, मन खंबीर ठेव."

काका पुटपुटले, "शाखा एकट्यानं सांभाळलेला माणूस मी. आता पेपर उघडवत नाही. मुळातच कच्चा असणार."

चेहऱ्यावरून मी काहीच ठरवत नाही. या आजारात चेहऱ्याचे स्नायू आखडतात, आवाज बारीक होतो. आनंदातला माणूसही रागावलेला दिसतो. थकवा, मंदपणा, तुटक झोप यांवरूनही उदासी ओळखता येत नाही, ते सगळं कंपवातातही असतंच. म्हणून विचारलं, "नातवाचा फोन आला की कसं वाटतं?"

"पूर्वी वाट बघायचो. आता वाजला तरी काही वाटत नाही."

रस आटणं, स्वतःला दोष देणं, जगणं नको वाटणं या तीन खुणा मी शोधते. इथे पहिल्या दोन स्पष्ट होत्या.

मग त्यांना हेलन मेबर्ग या अमेरिकन मेंदूशास्त्रज्ञ डॉक्टरांचं काम सांगितलं. १९९० साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी पार्किन्सन्सच्या उदास आणि उदास नसलेल्या रुग्णांच्या मेंदूची तुलना केली. उदास रुग्णांच्या कपाळामागच्या मेंदूचा खालचा भाग आणि त्याच्याशी जोडलेलं कॉडेट नावाचं केंद्र साखर कमी वापरत होतं, म्हणजे मंदावलं होतं. दोन्ही गटांत हालचालींचा त्रास सारखाच होता. शरीर जास्त अडलं म्हणून मन खचलं, एवढ्यावर हा फरक उलगडत नव्हता.

काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे हात थरथरतो तसंच हेही?"

"बरंचसं तसंच. हालचाली सांभाळणाऱ्या डोपामाइन या मेंदूतल्या रसायनाबरोबर मूड सांभाळणारी सेरोटोनिन आणि नॉरॲड्रेनालिन ही रसायनंही या आजारात घटतात."

"मग हाताला कोणी खंबीर हो म्हणत नाही."

हे त्यांचं त्यांनाच सुचलं, आणि तिथून पुढचं काम सोपं झालं. अपराधीपणा उतरल्याशिवाय कुठलाही सल्ला आत शिरत नाही, हे माझं ठाम मत आहे.

उदासी का आली यापेक्षा ती कधी येते हे मी आधी विचारते. काकूंना सात दिवसांची वही करायला सांगितली. उठल्यापासून झोपेपर्यंत दर तासाला वेळ, शरीराचा ताठरपणा दहापैकी किती, मन दहापैकी किती, गोळी आणि जेवण. पहिल्या दिवशी त्यांनी सगळं रात्री आठवून लिहिलं. त्याचा उपयोग नसतो, कारण आठवणीत सगळा दिवस वाईटच दिसतो. मोबाईलवर गजर लावल्यावर चित्र उमटलं. लेव्होडोपाची, म्हणजे मेंदूतलं डोपामाइन भरून काढणाऱ्या औषधाची गोळी सकाळी आठ, दुपारी एक, संध्याकाळी सहा. अकरानंतर आणि पुन्हा चारनंतर ताठरपणा वाढे आणि त्याच तासांत मन दोनवर येई. गोळीचा असर संपत होता, आणि हालचालीबरोबर मनही खाली जात होतं.

दुसरी अडचण दुपारची: गोळी उसळ-दह्याच्या जेवणासोबत. प्रथिनं आणि लेव्होडोपा शरीरात एकाच वाटेनं शोषले जातात, त्यामुळे गोळी अडते. ती जेवणाआधी अर्धा ते एक तास घ्यावी. मळमळलं तर सोबत साधं बिस्किट चालतं.

वही न्यूरोलॉजिस्टना दाखवली. त्यांनी डोसमधलं अंतर कमी केलं आणि सकाळची उदासी उरलीच, म्हणून नैराश्याची गोळी सुरू केली. तिला चार ते सहा आठवडे द्यावे लागतात. दहा दिवसांत "काही फरक नाही" म्हणून बंद करणारे पुष्कळ. लेव्होडोपाची गोळी लागू झाल्यावरच्या तासात आम्ही एकच काम ठेवलं, नातवाला फोन. इच्छा होण्याची वाट बघायची नाही, वेळ झाली की लावायचा. उत्साह मागून येतो; काकांचाही तसाच आला.

"ऑपरेशन केलं की उदासी जाईल का?" असंही विचारतात. पार्किन्सन्समध्ये मेंदूत तारा बसवतात त्या हालचालींसाठी. मेबर्ग आणि टोरांटोच्या सहकाऱ्यांनी २००५ साली नैराश्यासाठी तारा बसवल्या त्या वेगळ्याच जागी, सहा रुग्णांना. तो उपचार अजून प्रायोगिक आहे.

कंपवाताच्या गोळ्या आपल्या मनानं अचानक बंद करू नका. तीव्र ताठरपणा आणि ताप येऊन जिवावर बेतू शकतं. खाजकुहिलीच्या चूर्णातही लेव्होडोपा असतो, तेव्हा घेत असाल तर डॉक्टरांना सांगा. सेलेजिलिन किंवा रासाजिलिन ही कंपवाताची औषधं चालू असतील तर नैराश्याच्या गोळीआधी तेही. आणि "आता जगून काय करायचं" असं तोंडातून आलं, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर रात्रीही लागतो.