खड्ड्यात आदळून गाडीचं नुकसान झालं तर भरपाई कोणाकडून मागायची?

तुमचा प्रश्न असा: रात्री पावसात पाण्याने भरलेला खड्डा दिसला नाही, पुढचं डावं चाक आदळलं, टायर फाटला, अलॉय वाकलं आणि आता स्टिअरिंग डावीकडे ओढतंय. हा खर्च महापालिकेकडून वसूल होईल का, की सरळ विम्यात जावं?

माझं पुण्यात गॅरेज आहे. जून ते दिवाळी या काळात बरंचसं काम खड्ड्यांनी आणून दिलेलं असतं, म्हणून क्रमाने सांगतो.

आधी गाडी. स्टिअरिंग ओढतंय म्हणजे प्रकरण टायरपुरतं नाही. चाक बदलून तशीच गाडी पळवू नका, लिफ्टवर चढवून घ्या. रिम बऱ्याचदा आतल्या कडेला वाकलेली असते, बाहेरून अलॉय चकाचक दिसतं. लोअर आर्मचा (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा दांडा) रबरी बुश फाटलाय का, त्याच्या बॉल जॉइंटला खेळ आलाय का, शॉकअपमधून तेल पाझरतंय का, हे टॉर्च मारून स्वतः बघा आणि मेकॅनिकला तिथेच फोटो काढायला लावा. टायर फाटला नसेल पण बाजूला फुगा आला असेल, तरी तो टायर गेला. आतले धागे तुटलेले असतात, त्याला पंक्चरवाला काही करू शकत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे इंजिनखालचं ऑइल चेंबर. ते फुटून तेल गळत असताना तुम्ही गाडी चालू केली आणि इंजिन जाम झालं, तर विमा कंपनी चेंबरचे पैसे देईल, पण इंजिनचे नाकारेल. आदळल्यामुळे झालेलं नुकसान वेगळं आणि नंतर गाडी चालवल्यामुळे झालेलं वेगळं, असा त्यांचा हिशोब असतो. इंजिन प्रोटेक्ट (इंजिनच्या नुकसानीसाठी जादा पैसे भरून घेतलेलं संरक्षण) असेल तरच थोडी आशा. खाली तेलाचा थेंब दिसला तर गाडी तिथेच बंद करा आणि टो करून आणा.

आता विमा. फक्त थर्ड पार्टी पॉलिसी (दुसऱ्याच्या नुकसानीपुरती) असेल तर हा विषय इथेच संपला. कॉम्प्रिहेन्सिव्ह (स्वतःच्या गाडीचंही नुकसान धरणारी) असेल तर खड्ड्यात आदळणं हा अपघातच आहे, क्लेम बसतो. मात्र साध्या पॉलिसीत एकट्या टायरचं नुकसान धरत नाहीत. त्याच वेळी गाडीचंही नुकसान झालं असेल तर टायरच्या किमतीच्या 50 टक्के मिळतात. म्हणूनच लिफ्टवरची तपासणी आणि फोटो महत्त्वाचे. लोअर आर्म वाकल्याचं सर्व्हेअरच्या (विमा कंपनीकडून नुकसान तपासायला येणारा माणूस) नजरेला पडलं नाही, तर कागदावर राहतो तो नुसता फाटलेला टायर.

क्लेम करावा की खिशातून भरावं, हा प्रश्न मला रोज विचारला जातो. समजा टायर 7,000, अलॉय 9,000, लोअर आर्म 4,000 आणि मजुरी 2,000, असं 22,000 चं बिल झालं. गाडीला तीन वर्षं उलटून गेलीत, झिरो डेप (घसारा न कापणारं जादा संरक्षण) नाही. टायरचे 3,500 मिळतील. धातूच्या भागांवर या वयाला 25 टक्के घसारा लागतो, म्हणजे अलॉयचे 6,750 आणि आर्मचे 3,000. मजुरी पूर्ण. बेरीज 15,250. त्यातून सक्तीची वजावट, ज्याला आमच्याकडे फाइल चार्ज म्हणतात, ती 1500 सीसीपर्यंतच्या गाडीला 1,000. हातात येतात 14,250.

आता दुसरी बाजू बघा. तुमची एनसीबी (नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत) सध्या 35 टक्के आहे आणि ओन डॅमेजचा, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा हप्ता सवलतीआधी 10,000 आहे असं धरू. क्लेम केला नाही तर पुढच्या वर्षी 45 आणि मग दरवर्षी 50 टक्के सवलत. क्लेम केला तर शून्यापासून सुरुवात, मग 20, 25, 35, 45. पाच वर्षांचा फरक मांडला तर 4,500, 3,000, 2,500, 1,500 आणि 500, म्हणजे 12,000 रुपये. लोक फक्त पुढच्या वर्षाचं नुकसान मोजतात, तिथे गणित चुकतं. एवढ्या बिलासाठी क्लेम केला काय, न केला काय, फारसा फरक पडत नाही. शॉकअप, चेंबर, स्टिअरिंग रॅक अशी मोठी मोडतोड असेल तर बिनधास्त करा. एनसीबी प्रोटेक्ट असेल तर प्रश्नच नाही. क्लेम अन्यायाने नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा, महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जा. त्यांची कार्यालयं मुंबई आणि पुणे दोन्हीकडे आहेत, फी लागत नाही, वकीलही लागत नाही.

आता तुमचा मूळ प्रश्न, महापालिकेचा. 13 ऑक्टोबर 2025 ला मुंबई उच्च न्यायालयाने (न्या. रेवती मोहिते डेरे आणि न्या. संदेश पाटील) खड्डे आणि उघडी मॅनहोल यांच्या बळींसाठी भरपाई ठरवून दिली. मृत्यू झाल्यास कुटुंबाला 6 लाख, जखमींना दुखापतीप्रमाणे 50 हजार ते अडीच लाख. ही बातमी वाचून अनेकांना वाटतं की आता गाडीचेही पैसे मिळतील. तसं नाही. तो आदेश जीव आणि शरीर यांच्यासाठी आहे, वाकलेल्या रिमसाठी त्यात रक्कम नाही. मोटार वाहन कायद्यात 2019 मध्ये आलेलं कलम 198अ रस्त्याच्या कंत्राटदाराला आणि यंत्रणेला एक लाखापर्यंत दंड करतं, पण तेही मृत्यू किंवा अपंगत्व आलं तरच. तुम्हाला किंवा गाडीतल्या कुणाला दुखापत झाली असेल तर मात्र डॉक्टरचे कागद नीट जपा, तो दावा आता खरोखर उभा राहतो.

गाडीसाठी उरतो तो दिवाणी दावा. त्याआधी महापालिकेला एक महिन्याची लेखी नोटीस द्यावी लागते आणि दावा घटनेपासून सहा महिन्यांच्या आत लावावा लागतो. मुंबईसाठी मुंबई महानगरपालिका कायद्याचं कलम 527, इतर महापालिकांसाठी महाराष्ट्र महानगरपालिका कायद्याचं 487. रस्ता सार्वजनिक बांधकाम विभागाचा असेल तर नोटीस दोन महिन्यांची. 22,000 रुपयांसाठी कोर्टात जा असा सल्ला मी देणार नाही, वकिलाची फीच त्याहून जास्त होईल. पण नोटीस मात्र जरूर द्या. स्पीड पोस्टाने, खड्ड्याचा फोटो (शेजारचा दिव्याचा खांब किंवा दुकानाची पाटी दिसेल असा), तारीख-वेळ आणि जीएसटीचं बिल जोडून.

ती नोटीस वाया जात नाही. पुढच्या महिन्यात त्याच खड्ड्यात एखादा दुचाकीवाला पडला, तर "आम्हाला माहीतच नव्हतं" असं म्हणायची सोय तुमच्या कागदामुळे राहत नाही. इंग्लंडमध्ये गाडीच्या नुकसानीचा दावा थेट कौन्सिलकडे करता येतो. वेळेवर पाहणी आणि दुरुस्ती करत होतो हे दाखवता आलं, तर 1980 च्या हायवेज ॲक्टच्या कलम 58 खाली कौन्सिल सुटते. म्हणजे तिथेही आधीच्या लेखी तक्रारींना वजन आहे. आपल्याकडेही असा सोपा अर्ज हवाच. रोड टॅक्स आधी भरून घेऊनच गाडी रस्त्यावर आणू देतात, मग वाकलेल्या आर्मचा भुर्दंड माणसाने एकट्याने का सोसायचा? मला याचा मनापासून राग येतो.

नोटीस देण्याआधी रस्ता कोणाचा ते नक्की करा, नाहीतर तुमचा कागद नुसता या टेबलावरून त्या टेबलावर फिरेल. मुंबईतले पूर्व आणि पश्चिम द्रुतगती महामार्ग 2022 पर्यंत एमएमआरडीएकडे (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) होते, आता महापालिकेकडे आहेत. मुंबई-गोवा महामार्ग एकच, पण पनवेल ते इंदापूर राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा आणि त्याच्या पुढचा बांधकाम विभागाचा. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर 1033 वर फोन करून तक्रार क्रमांक घ्या. टोलची पावती असेल तर ती टाकू नका. ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळातल्या पालियेक्करा टोलच्या प्रकरणात खड्ड्यांच्या रस्त्यासाठी लोकांकडून टोल घेण्यावर बोट ठेवलंय. पैसे देऊन रस्ता वापरलाय म्हटल्यावर ग्राहक आयोगातही तुमची बाजू जास्त भक्कम होते.

आणखी एक काम करा. माहितीच्या अधिकारात 10 रुपयांचा अर्ज टाका: हा रस्ता शेवटचा कधी केला, कंत्राटदार कोण, दोषदायित्व कालावधी (कंत्राटदाराने कामाची हमी दिलेली मुदत) कधी संपतो. त्या मुदतीतला खड्डा कंत्राटदाराने स्वखर्चाने बुजवायचा असतो. उत्तराची मुदत 30 दिवसांची आहे, म्हणून अर्ज लगेच टाका, म्हणजे नोटिशीत कंत्राटदाराचंही नाव घालता येईल.

तुमच्या वर्णनावरून लोअर आर्म किंवा टाय रॉड (स्टिअरिंगला चाकाशी जोडणारा दांडा) गेलेला वाटतो. उद्या सकाळी गाडी लिफ्टवर घ्या. सर्व्हेअर येऊन बघेपर्यंत काहीही खोलू देऊ नका आणि जुने पार्ट गॅरेजवाल्याकडून परत मागून ठेवा.