ताटाला लावलेलं नेलपॉलिश

“गोळ्या चालू झाल्या, मग घरात मला असं किती दिवस लांब ठेवणार?” टीबीचे उपचार घेणाऱ्या बायका कधी ना कधी हा प्रश्न मला विचारतातच. कर्नाटकातल्या निपाणीच्या एका ताईंची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत.

वय तिशीचं, काम घरी विड्या वळण्याचं. फुफ्फुसाचा टीबी, गोळ्या सुरू होऊन पाच आठवडे झालेले. खोकला कमी, ताप गेलेला, वजन दीड किलोनं वाढलेलं. कागदावर सगळं छान चाललं होतं. पण मध्ये दोन दिवस गोळ्या चुकल्या होत्या, म्हणून आशा कार्यकर्तीनं त्यांना माझ्याकडं आणलं.

का चुकल्या? लघवी लाल-नारिंगी झाली, रक्तच जातंय असं वाटून त्या घाबरल्या. हा रिफाम्पिसिन या टीबीच्या औषधाचा रंग, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. डोळे किंवा त्वचा पिवळी पडली, उलट्या थांबेनात, तर मात्र लगेच दवाखाना गाठायचा. उपचाराच्या कार्डावर सगळं कन्नडमध्ये, त्यांना वाचता येतं फक्त मराठी. ‘क्षय’ हा शब्द तेवढा दोन्ही भाषांत ऐकायला सारखा, आणि नेमका तोच त्यांच्या मनात रुतून बसला होता.

मी विचारलं, “ताई, काल दिवसभरात तुम्हाला कुणी हात लावला?”

बराच वेळ त्या अंगठ्याचं नख बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “कोण शिवत न्हाई, मॅडम. पोरगं आलं की सासूबाई वढून नेत्यात. माझ्या ताटाला खालनं लाल नेलपॉलिश लावलंय, वळकाय यावं म्हणून.”

पुढच्या खेपेला मी त्यांच्या घरीच गेले. सासूबाई मायाळू बाई, पण भीतीनं अर्ध्या झालेल्या. सुनेला सोप्यात एकटीला झोपवत होत्या, भांडी उकळत्या पाण्यानं धूत होत्या. आणि सोप्याची एकुलती एक खिडकी विडीपानांच्या पोत्यांनी बंद!

“मावशी,” मी म्हटलं, “हा रोग ताटातनं येत नाही, हवेतनं येतो. ताट एकत्र ठेवा, पोती हलवा.”

नियमित गोळ्या सुरू झाल्या की साधारण दोन-तीन आठवड्यांत रोग पसरण्याचा धोका खूप कमी होतो. मद्रासला १९५० च्या दशकात याचा नीट अभ्यास झाला होता. काही रुग्णांना सॅनेटोरियममध्ये, म्हणजे टीबीच्या खास रुग्णालयात ठेवलं, काहींना घरीच औषधं दिली. घरी राहिलेल्यांच्या कुटुंबांना जास्त धोका झाला नाही, असं त्यात दिसून आलं. इतकी वर्षं झाली तरी आपल्याकडं ताटं वेगळीच आहेत, याचं मला फार वाईट वाटतं. खोकताना तोंडावर पदर, घरात हवा-उजेड आणि एकही दिवस न चुकता गोळ्या, एवढं सांभाळलं की बाकी माया करायला काही हरकत नाही.

सासूबाईंची खरी भीती नातवाची होती, आणि ती रास्तच होती. पाच वर्षांखालच्या मुलांना धोका जास्त असतो. म्हणून त्याची तपासणी करून घेतली. त्याला टीबी नव्हता, तेव्हा त्याला प्रतिबंधक औषध सुरू झालं. नवऱ्याची आणि सासूबाईंचीही तपासणी झाली. भीतीला असं काहीतरी काम दिलं की ती जरा निवते, हे मी बऱ्याच घरांत बघितलंय.

पैशाचं कोडं मात्र अवघड होतं. टीबी रुग्णांच्या आहारासाठी असलेल्या सरकारी नि-क्षय पोषण योजनेचे महिन्याला १००० रुपये (नोव्हेंबर २०२४ पूर्वी ५००) अंडी, शेंगदाणे, डाळ यांना आधार देतात, बुडालेली मजुरी भरून काढत नाहीत. तंबाखूची धूळ उडते तिथं बसू नका, असं सांगणं मला सोपं होतं. त्यांनी विचारलं, “मग खायाचं काय?” माझ्याकडं पटकन उत्तर नव्हतं.

तोडगा सासूबाईंनीच काढला. तंबाखू भरून विड्या त्या स्वतः मागच्या पडवीत वळतात, सून पुढच्या दारात, वाऱ्याला बसून नुसती पानं कातरते. विड्या पूर्वीएवढ्या होत नाहीत, पण चूल चालते.

उपचाराचे दोन महिने झाल्यावरच्या तपासणीत थुंकीत जंतू दिसले नाहीत. गोळ्या अजून चार महिने घ्यायच्या होत्या. तो निरोप द्यायला गेले तेव्हा सासूबाईंनी पोहे केले होते. पोरगं आईच्या मांडीवर बसून तिच्याच ताटातलं खात होतं. ताट उचलताना खाली बघितलं, लाल रंग कातरीच्या टोकानं खरवडलेला होता, काठाजवळ थोडा राहिला होता.

“निघंना तेवढा,” सासूबाई म्हणाल्या, आणि ताट घासायला घेऊन गेल्या.