बेसमेंटमध्ये लाकडी फ्लोर करतोयस? आधी पाणी बघ

भावा, घाई नको. ठाण्यात २६ जुलै २००५ बघितलाय म्हणून सांगतो, जोराचा पाऊस आणि खाडीला भरती एकत्र आली की नाल्याचं पाणी बाहेर जातच नाही, उलटं जाळीतून वर येतं, तेव्हा मेन स्विच बंद करून मुद्दाम खाली जा आणि पाणी कुठवर चढतं तिथे रेघ मार. फ्लोर त्या रेघेच्या वर बसत असेल तरच खर्च कर, नाहीतर फक्त सामानापुरता उंच माळा कर.

फ्लोरखाली आधाराला लाकडी पाय अजिबात नको, सिमेंट ब्लॉक लाव. वर मरीन प्लाय, म्हणजे पाण्यात टिकणारा, आयएस ७१० (मरीन प्लायचं भारतीय मानक) चा शिक्का बघूनच घे, साधा कमर्शियल प्लाय फुगतो. आणि कापलेल्या कडा सील कर रे, पाणी तिथूनच शिरतं! नुसता ठेवलास तर प्लाय तरंगतो, म्हणून स्टेनलेस स्क्रूने आवळ, पण उघडता येईल असा, खालचा गाळ धुवावाच लागतो. भिंतीपासून बोटभर गॅप सोड. माझा पहिला फ्लोर भिंतीला टाइट होता, हवाच नाही, दोन महिन्यांत बुरशीने काळा पडला, फार वाईट वाटलं.

सॉकेट, पंपाचा बोर्ड सगळं वर घे. पाणी भरलं तर मेन स्विच बंद केल्याशिवाय खाली पाय टाकू नको, प्लीज.